डोमेनचा सातबारा

गेल्या दिवाळीच्या तोंडावर सातारा जिल्ह्यातल्या एका ताईंचा फोन आला. घरच्या घरी कांदा-लसूण मसाला करून विकतात. संकेश्वरी आणि बेडगी मिरची स्वतः निवडून आणायची, खोबरं-तीळ भाजायचे, कांडपाच्या मशीनपाशी स्वतः उभं राहून कुटून घ्यायचं, असा त्यांचा शिरस्ता. आवाज रडवेला होता. "दादा, पाकिटावरचा वेबसाइटचा पत्ता उघडला की जुगाराचं पान येतंय. पुण्याच्या एका बाईंनी फोन करून विचारलं, हे काय नवीन सुरू केलंत?" घरात तीन हजार छापील पाकिटं पडून होती आणि प्रत्येकावर तो पत्ता ठळक अक्षरात होता.

मी पंधरा वर्षं छोट्या उद्योगांना वेबसाइट उभ्या करून देतो. ही साइट माझी नव्हती, पण काय झालं असेल ते ऐकता ऐकताच कळलं. तीन वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातल्या एका मुलानं साइट करून दिली. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा ठरावीक मुदतीसाठी घेतलेला पत्ता, त्यानं स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतला. पुढं तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला, नंबर बदलला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या जुन्या मेलवर जात राहिल्या. डॉट कॉमची मुदत संपली म्हणून नाव त्याच दिवशी हातचं जात नाही. रजिस्ट्रार, म्हणजे डोमेन विकणारी कंपनी, 45 दिवसांपर्यंत थांबू शकतो, नाव रद्द केलं तरी दंड भरून सोडवायला आणखी 30 दिवस मिळतात, शेवटचे 5 दिवस ते कुलूपबंद असतं आणि मग जगात कुणालाही खुलं होतं. ताईंचा फोन आला तेव्हा हे सगळे दिवस उलटून गेले होते. लोकांच्या ओळखीचं झालेलं नाव मोकळं झालं की ते उचलायला माणसं टपलेलीच असतात.

ताईंच्या पाकिटावर अन्नसुरक्षेचा चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक आहे, तो त्यांच्या नावावर आहे. उद्यम नोंदणी त्यांच्या नावावर, बँकेचं खातं त्यांच्या नावावर. घराचा उतारा कुणाच्या नावावर आहे हे त्या झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण ज्या पत्त्यावर त्यांचं सगळं नाव उभं होतं, त्याचाही सातबारा बघावा लागतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

नव्या धंद्याला डोमेन कसं निवडावं यावर सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. नाव छोटं हवं, चटपटीत हवं, आणि काहीही झालं तरी डॉट कॉम मिळायला हवं, नाही मिळालं तर नावच बदला. या सल्ल्याला माझा विरोध आहे. महाराष्ट्रात, मराठी गिऱ्हाइकावर उभ्या राहणाऱ्या धंद्यानं आधी दोन प्रश्न विचारले पाहिजेत. नाव नुसतं ऐकून गिऱ्हाइकाला बिनचूक लिहिता येईल का? आणि ते नाव कागदोपत्री कुणाच्या मालकीचं राहील? मागचं शेपूट कॉम की इन, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. आपण उलट्या क्रमानं जातो आणि पहिल्या दोन्ही ठिकाणी मार खातो.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो खास आपला आहे. इंग्रजीत विचार करणाऱ्या माणसाला तो एवढा छळत नाही. आपण नाव मराठीत ठेवतो आणि पत्ता रोमन लिपीत लिहितो. या दोन्हींच्या मधल्या फटीत गिऱ्हाईक हरवतं.

नवउद्योजकांच्या वर्गात मी एक प्रयोग करतो. एखादा मराठी शब्द नुसता उच्चारायचा आणि सगळ्यांनी तो इंग्रजी अक्षरांत लिहायचा, शेजाऱ्याच्या वहीत न बघता. एकदा मी 'वावर' हा शब्द दिला. शेतमालाच्या धंद्याला शोभेल असा, खानदेश-विदर्भात रोजच्या बोलण्यातला, 'वावर हाय तर पॉवर हाय' म्हणत पोरं टी-शर्टवर मिरवतात तो. वह्या गोळा केल्या तर एकाच शब्दाची पाच रूपं निघाली. कुणी व्ही लिहिला, कुणी डब्ल्यू, कुणी पहिला व्ही आणि दुसरा डब्ल्यू. 'वा' ला कुणी एक ए दिला, कुणी दोन. हिशेब केला तर या तीन अक्षरांची आठ स्पेलिंगं होतात आणि आठही बरोबर आहेत. वर्गातल्या एका मुलीनं कपाळाला हात लावला. तिनं आदल्याच आठवड्यात 'व' नं सुरू होणारं डोमेन घेतलं होतं.

दुसरा त्रास याच्या उलट. मळा, मला, माला, माळा. चार वेगळे शब्द, पण रोमनमध्ये चारही एम-ए-एल-ए. मळ्यातली भाजी विकणाऱ्याचं नाव बाहेरच्याला 'मला' असं वाचता येतं. 'ळ' आणि 'ण' आपल्या भाषेचा कणा, त्यांना रोमनमध्ये जागाच नाही. 'ज' चे दोन उच्चार, ऱ्हस्व-दीर्घ इकाराला आय की दोन ई, 'थ' आणि 'त' यांची सरमिसळ, हे सगळं नाव ठरवताना कुणी कागदावर मांडून बघत नाही. मराठी नाव ठेवू नका, असं मला अजिबात म्हणायचं नाही. मराठी नावच ठेवा, पण अशा शब्दांतून निवडा की ज्यांचं रोमन रूप एकच संभवतं. अंगण, परस असे शब्द बोलून बघा आणि दहा जणांना लिहायला लावा. बहुतेकांच्या वहीत एकच रूप उतरलं तर तो शब्द कामाचा. आणि एवढं करूनही नाव दोन तऱ्हांनी लिहिलं जात असेल, तर दुसऱ्या स्पेलिंगचं डोमेनही घ्या आणि पहिल्याकडे वळवून ठेवा. दोन्हींचा खर्च मिळून एका जेवणावळीपेक्षा कमी येतो.

हीच परीक्षा फोनवर करावी. आपल्याकडे पत्ता कागदावरून कमी आणि तोंडातून जास्त फिरतो. नणंद भावजयीला सांगते, दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो, एसटीत शेजारी बसलेला विचारतो. नाव सांगताना "मधे डॅश आहे", "चार आकड्यात लिहा, अक्षरात नको", "शेवटचा ए काढलाय बरं का" असं पुस्ती जोडून सांगावं लागत असेल, तर ते नाव प्रत्येक सांगण्यात थोडं थोडं गळतं. स्वर काढून टाकलेली नावं फॅशनेबल दिसतात. सांगलीच्या बाजारपेठेत उभं राहून ती फोनवर सांगून बघा, मग त्यांची किंमत कळते.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की नोकरी डॉट कॉम आणि शादी डॉट कॉम चाललेच ना! चालले. नोकरी 1997 पासून आहे, शादी त्याच काळातलं, आणि 'शादी' मध्ये दोन ए आहेत हे लोकांच्या डोक्यात बसवायला त्यांच्याकडे वर्षं होती, पुढं टीव्हीवरच्या जाहिराती होत्या. त्या काळी स्पर्धाही मूठभर होती. आज ज्याच्याकडे जाहिरातीला पन्नास हजारही नाहीत, त्यानं त्यांचं उदाहरण पुढं करू नये.

आता डॉट कॉमचं. पहिलं डॉट कॉम 15 मार्च 1985 ला नोंदलं गेलं. म्हणजे हे दुकान चाळीस वर्षं उघडं आहे आणि चांगली, छोटी, सरळ नावं केव्हाच विकली गेली आहेत. जी उरली आहेत ती बहुतेक साठेबाजांच्या हातात आहेत. त्यांचा धंदाच तो, नाव घेऊन ठेवायचं आणि गरजवंताला लाखांत विकायचं. तुमच्याकडे तीन लाखांचं भांडवल असेल आणि त्यातले दीड लाख एका शब्दावर गेले, तर माल कशातून घेणार? टेस्ला ही मोटार कंपनी 2016 पर्यंत 'टेस्लामोटर्स' या पत्त्यावर होती. नुसतं 'टेस्ला' मिळवायला दहा वर्षांहून जास्त काळ आणि 1 कोटी 10 लाख डॉलर लागले, असं इलॉन मस्क यांनी नंतर स्वतः सांगितलं. फेसबुक 2005 पर्यंत 'द' लावून चालत होतं. मग 2 लाख डॉलर देऊन त्यांनी 'द' काढला. या कंपन्या आधी मोठ्या झाल्या, नाव नंतर विकत घेतलं. हवं ते नेमकं डॉट कॉम नसल्यामुळं त्यांचं काही अडलं नाही. ज्यांचं गिऱ्हाईक अमेरिकेत आहे त्यांनी डॉट कॉमसाठी धडपड जरूर करावी, तिथं बोट आपोआप तिकडं वळतं. इचलकरंजीची साडी नागपूरला विकायची असेल तर डॉट इन पुरतं, आणि माझ्या मते तेच चांगलं.

का चांगलं ते सांगतो. 2005 साली डॉट इन सगळ्यांसाठी खुलं झालं, तेव्हा लोक त्याला दुय्यम समजत. ते दिवस गेले. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2025 मध्ये जाहीर केलं की भारतातल्या बँकांसाठी बँक डॉट इन हा राखीव पत्ता असेल, आणि बँकांना तिकडं जायला 31 ऑक्टोबर 2025 ची मुदत दिली. कारण उघड आहे. बनावट साइटांनी लोकांना इतकं लुटलं की खरी बँक ओळखायची खूण पत्त्यातच असावी असं ठरलं. देशाच्या बँका ज्या शेपटावर विश्वास ठेवतात, ते आपल्या मसाल्याला कमी पडेल असं का वाटावं? शिवाय डॉट इनच्या नावावरून भांडण झालं तर त्याची स्वतःची तंटा-निवारण व्यवस्था आहे, लवादापुढं निकाल होतो.

भांडणं होतातच. मुंबई उच्च न्यायालयात 1999 मध्ये रेडिफ या इंटरनेट कंपनीचा खटला उभा राहिला. समोरच्यानं दुसरं अक्षर बदलून, ई च्या जागी ए घालून 'रॅडिफ' घेतलं होतं. कोर्टानं त्याला रोखलं. 2004 मध्ये सिफी या इंटरनेट कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं. हे निकाल आपल्या बाजूचे आहेत. पण कोर्टापर्यंत जायला दम लागतो, आणि तो छोट्या माणसाकडे नसतो. त्याच्यासाठी शहाणपण एवढंच की डोमेन घेण्याआधी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर तो शब्द आपल्या मालाच्या वर्गात शोधायचा. मसाला तिसाव्या वर्गात येतो. शोधायला पैसे पडत नाहीत. आणि तीन नोंदी तीन वेगळ्या वह्यांत असतात हे पक्कं लक्षात ठेवायचं. कंपनी म्हणून नाव मिळालं याचा अर्थ ट्रेडमार्क मिळाला असा होत नाही, आणि डोमेन मिळालं म्हणजे यातलं काहीच मिळालं असं होत नाही. अनेक जण डोमेनची पावती बघून निश्चिंत होतात आणि दोन वर्षांनी वकिलाची नोटीस येते.

हल्ली पुण्यातली तरुण मुलं डॉट आयओ आणि डॉट एआय घेतात. दिसायला झकास. पण हे आयओ म्हणजे ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश, म्हणजे चागोस बेटं. तिथल्या रहिवाशांना 1968 ते 1973 या काळात घराबाहेर काढलं गेलं. ती बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर 22 मे 2025 ला सह्या झाल्या. देश-प्रदेशांच्या दोन अक्षरी संकेतांच्या यादीतून एखादा संकेत निघाला तर त्याचं डोमेनही टप्प्याटप्प्यानं बंद करावं असा नियम आहे. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू 2010 मध्ये असंच संपलं. आयओचं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण आपल्या दुकानाची पाटी दोन परक्या सरकारांच्या कराराला टांगलेली असावी का, हा प्रश्न विचारून मगच पैसे भरावेत. एआय हे कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचं. ते एकदम दोन वर्षांसाठीच घ्यावं लागतं आणि महागही पडतं.

मग आपल्याच लिपीतलं डॉट भारत का नाही? हा प्रश्न मला मनापासून जवळचा आहे. 27 ऑगस्ट 2014 ला देवनागरीतलं डॉट भारत सुरू झालं. मराठी, कोकणी, हिंदीसह आठ भाषांसाठी. मळा आणि मला यांतला गोंधळ तिथं उरत नाही, ळ ला त्याची जागा मिळते. मी स्वतः तेव्हा आनंदानं एक नाव घेतलं होतं. मग त्यावर ईमेल सुरू केला आणि एका सरकारी अर्जात तो भरायला गेलो. लाल अक्षरांत उत्तर आलं की हा ईमेल वैध नाही. मराठीतून भरायच्या अर्जात मराठी ईमेल चालत नव्हता. पुढं एका खाजगी बँकेच्या साइटवर तेच, प्रवासाच्या तिकिटाला तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्ता पाठवला तर कधी कधी तो एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरांत दिसतो, कारण यंत्रं आतून अजून रोमनच वाचतात. बघणाऱ्याला वाटतं ही फसवणुकीची लिंक आहे.

अडचण फक्त यंत्राची नाही. 'ॲ' हे अक्षर दोन प्रकारे टाइप होतं. एका कीबोर्डवर ते एकसंध अक्षर म्हणून येतं, दुसऱ्यावर 'अ' वर चंद्र ठेवून. डोळ्याला काडीचा फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. 'शेतकऱ्यांचा' मधला ऱ्य असाच, कुणी एका पद्धतीनं लिहितो, कुणी दुसऱ्या. हे सुटण्यासारखे प्रश्न आहेत, पण कुणीतरी ते सोडवायला बसलं पाहिजे. सरकारनं डॉट भारतची घोषणा केली आणि स्वतःच्याच अर्जांची दारं त्याला उघडली नाहीत, ही माझी तक्रार आहे आणि ती मी सगळीकडे करतो. निदान राज्य सरकारच्या प्रत्येक ऑनलाइन अर्जात देवनागरी ईमेल चाललाच पाहिजे. तोवर नव्या उद्योजकाला मी सांगतो, डॉट भारत जरूर घ्या, पाकिटावर देवनागरीत छापा, आणि ते तुमच्या डॉट इनकडे वळवून ठेवा. ईमेल मात्र त्यावर ठेवू नका.

आता ईमेलवरून पुन्हा मालकीकडे येतो, कारण ताईंचं नुकसान नुसत्या वेबसाइटचं नव्हतं. डोमेन ज्याच्या हातात, त्या नावावर येणारी प्रत्येक मेल त्याच्या हातात. ताईंनी जीएसटीच्या खात्याला, पैसे घेण्याच्या ॲपला, कुरियरच्या खात्याला तोच ईमेल दिला होता. म्हणजे नव्या मालकानं ठरवलं असतं तर पासवर्ड विसरलो म्हणून बटण दाबून त्यानं नवे पासवर्ड मागवले असते. त्या रात्री आम्ही दोघं फोनवर अकरापर्यंत एकेका खात्यातला ईमेल बदलत बसलो होतो. विसरभोळेपणा फक्त गावातल्या माणसांचा असतो असंही नाही. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट आपल्या पासपोर्ट डॉट कॉमचं नूतनीकरण विसरली, तिची हॉटमेल ही ईमेल सेवा अडखळली, आणि एका त्रयस्थ प्रोग्रामरनं स्वतःच्या खिशातून 35 डॉलर भरले तेव्हा ती पूर्ववत झाली. ताईंच्या नशिबी असा सज्जन माणूस नव्हता.

माझ्या व्यवसायातल्या मित्रांना मला हे स्पष्ट सांगायचं आहे. गिऱ्हाइकाचं डोमेन आपल्या नावावर घेणं ही सोय नाही, ती चूक आहे. काही जण ती मुद्दाम करतात, म्हणजे गिऱ्हाईक सोडून जाऊ नये. वेगळं व्हायचं म्हटलं की वीस-पंचवीस हजार मागतात. मी अशी तीन प्रकरणं निस्तरली आहेत. बहुतेक जण मात्र आळसानं करतात, गिऱ्हाइकाला खातं उघडता येत नाही म्हणून. उघडता येतं. मोबाइलवर यूपीआय चालवणाऱ्या माणसाला रजिस्ट्रारकडे खातं उघडायला दहा मिनिटं लागतात. शेजारी बसून ते करून घ्यावं. मालक म्हणून नाव त्यांचं, मोबाइल त्यांचा, ईमेल असा की जो त्याच डोमेनवर अवलंबून नाही. आपल्याला तांत्रिक कामापुरता प्रवेश घ्यावा.

आणि ही गोष्ट एकेकट्या गिऱ्हाइकाच्या शहाणपणावर सोडून चालणार नाही. जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाचा अर्ज येतो, बँकेत मुद्रा कर्जाची फाइल येते. बचत गटांना ऑनलाइन विक्री शिकवणारी शिबिरंही होतात. प्रकल्प अहवालात वेबसाइटचा खर्च लिहिलेला असतो आणि तो मंजूरही होतो. मशीन घेतलं तर बिल कुणाच्या नावे आहे ते तपासतात. डोमेनचं बिल कुणी मागत नाही. फाइलमध्ये एक ओळ वाढवली तरी पुरे, डोमेन अर्जदाराच्या नावे नोंदल्याची पावती जोडा. सार्वजनिक पैशातून उभी राहिलेली पाटी तिसऱ्याच माणसाच्या खात्यात असू नये, यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही.

ताईंनी जुनं नाव सोडलं. ज्यानं ते घेतलं होतं त्याला विचारून बघू असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "त्याला एक रुपया द्यायचा नाही." नवं नाव त्यांनी स्वतः शोधलं. चार नावं काढली आणि सासूबाईंना, माहेरच्या वहिनीला, कुरियरवाल्या मुलाला आणि पुण्याच्या त्याच बाईंना फोन करून एकेक नाव सांगितलं, व्हॉट्सअ‍ॅपवर इंग्रजीत लिहून पाठवायला लावलं. सासूबाईंनी नातवाला लिहायला बसवलं. चौघांकडून एकसारखं आलं ते नाव ठरलं. डॉट इन, पाच वर्षांचे पैसे एकदम. ओटीपी त्यांच्याच फोनवर आला, तो त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली तेव्हा मी थांबवलं आणि म्हटलं, मला सांगू नका, तुम्हीच टाका. तीन हजार पाकिटं फेकायची नव्हती. जुन्या पत्त्यावर बसेल एवढं स्टिकर छापून आणलं, आणि दिवाळीच्या आधीचे चार दिवस घरातली सगळी माणसं रात्रीची जेवणं झाली की ते चिकटवत बसली.